मऊ आवाजाचा विद्रोह : कर्टिस मेफिल्डची गाणी आणि गाण्यांची मालकी

दलित साहित्याची चर्चा सुरू झाली की आपण अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याकडे वळतो. रिचर्ड राईट, लँग्स्टन ह्यूज, जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या लेखांतून आणि परिसंवादांतून वारंवार येतात. ते साहजिकही आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहून काळ्यांच्या प्रश्नाशी आपले नाते सांगितले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने आपले नावच ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. परंतु या सगळ्या चर्चेत एक गोष्ट माझ्या मनाला नेहमी खटकत आली आहे. आपण त्यांची पुस्तके वाचली, त्यांची गाणी मात्र ऐकली नाहीत. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर शिकण्याची बंदी होती त्या समाजाने आपले सारे शहाणपण गाण्यात साठवले असणार, हे आपल्यासारख्या जलशांच्या आणि गायन पार्ट्यांच्या वारसदारांना कोणी सांगायला नको होते.

या लेखात मी अशाच एका गायकाविषयी आणि गीतकाराविषयी लिहिणार आहे. त्याचे नाव कर्टिस मेफिल्ड. मी संगीताचा जाणकार नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. पण माझे वडील गायन पार्टी चालवीत, त्यामुळे गाणे म्हणजे काय आणि गाण्याचे पुढे काय होते हे मी घरात पाहिलेले आहे. त्या अनुभवामुळेच मेफिल्डचे चरित्र मला परके वाटले नाही.

१९८५-८६ च्या सुमारास मी तेव्हाच्या औरंगाबादेत शिकत होतो. वसतिगृहात शेजारच्या खोलीत केनियाहून आलेला एक विद्यार्थी राहत असे. त्याच्याकडे टेपरेकॉर्डर होता. एका रात्री त्याच्या खोलीतून एक अतिशय मऊ, उंच पट्टीतला, जवळजवळ बाईचा वाटावा असा पुरुषी आवाज ऐकू आला. मी विचारले, हे प्रेमगीत आहे का? तो हसला आणि म्हणाला, हे मोर्चाचे गाणे आहे. माझा विश्वास बसेना. मोर्चाचे गाणे म्हणजे शिरा ताणून म्हटलेले, ढोलकीवर थाप पडून अंगात वीज संचारावी असे, ही माझी समजूत. ती समजूत त्या रात्री ढिली झाली.

एक

कर्टिस मेफिल्डचा जन्म ३ जून १९४२ रोजी शिकागो शहरात झाला. या शहराचे काळ्यांच्या इतिहासातले स्थान समजून घेतले पाहिजे. १९१६ च्या सुमारापासून १९७० पर्यंत सुमारे साठ लाख काळी माणसे दक्षिणेतली कापसाची शेते, सावकारी आणि झुंडीच्या हत्या मागे टाकून उत्तरेच्या औद्योगिक शहरांकडे निघाली. शिकागोचे कत्तलखाने आणि पोलाद कारखाने यांनी त्यांना काम दिले. राहण्यासाठी मात्र ठराविक वस्त्याच दिल्या. गाव सोडले तरी वेस सुटली नाही, ती शहरात नव्याने आखली गेली.

कर्टिस पाचेक वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. आईने आणि आजीने मुलांना वाढवले. आई गरीब होती पण कवितेची वेडी होती. पॉल लॉरेन्स डनबार या काळ्या कवीच्या कविता ती मुलाला म्हणून दाखवी. आजी एका लहानशा चर्चमध्ये प्रवचन करी. किशोरवयात हे कुटुंब कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत राहायला आले. पुढे ही वसाहत दारिद्र्य आणि गुन्हेगारीसाठी देशभर बदनाम झाली, आणि २०११ पर्यंत तिच्या उंच इमारती पाडल्या गेल्या. मेफिल्डच्या गाण्यातली माणसे याच जिन्यांवरची आणि गल्ल्यांतली आहेत.

गिटार तो स्वतःच शिकला. शिक्षक नव्हता, पुस्तक नव्हते. पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर जे सूर वाजतात ते धरून त्याने गिटारच्या तारा लावल्या. जगातले गिटारवादक ज्या पद्धतीने तारा लावतात त्याहून ही पद्धत वेगळी होती हे त्याला पुष्कळ उशिरा कळले, तोवर तीच त्याची ओळख झाली होती. त्यामुळे त्याच्यासारखे वाजवणे इतरांना जड गेले. प्रस्थापित व्याकरण शिकायला मिळाले नाही म्हणून आपली भाषा वेगळी झाली, आणि ती वेगळी झाली म्हणूनच ती आपली झाली. दलित कवितेच्या भाषेविषयी आपण जे म्हणतो तेच येथे तारांच्या बाबतीत घडले आहे.

चर्चच्या गायकवृंदात त्याला जेरी बटलर भेटला. टेनेसी राज्यातील चॅटनूगाहून आलेल्या सॅम गुडेन आणि रिचर्ड व आर्थर ब्रुक्स या तरुणांना हे दोघे मिळाले आणि पाच जणांचा संच तयार झाला. त्याचे नाव पुढे इम्प्रेशन्स असे पडले. १९५८ साली त्यांची पहिली गाजलेली ध्वनिमुद्रिका निघाली. तेव्हा कर्टिस सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता आणि शाळा सुटली होती.

या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवरच एक धडा मिळाला. कंपनीने तबकडीवर छापले, 'जेरी बटलर आणि इम्प्रेशन्स'. पाच जणांनी मिळून केलेल्या कामात एकाचे नाव पुढे आणि बाकीचे 'आणि' नंतर. संचात कुरबुर झाली, बटलर थोड्याच काळात बाहेर पडला. मेफिल्डने त्याच्याशी वैर धरले नाही. उलट तो त्याच्याबरोबर गिटारवादक म्हणून गावोगाव फिरला, त्याला गाणी लिहून दिली, पैसे साठवले आणि त्या पैशातून इम्प्रेशन्सला पुन्हा उभे केले. १९६१ साली 'जिप्सी वूमन' हे गाणे गाजले. पुढे ब्रुक्स बंधू गेले आणि मेफिल्ड, गुडेन व फ्रेड कॅश हे तिघे राहिले. या तिघांनीच इतिहास घडवला.

दोन

येथे 'सोल' या शब्दाविषयी थोडे थांबले पाहिजे. या गायकीला सोल संगीत म्हणतात. शब्दकोशात पाहिले तर अर्थ मिळतो 'आत्मा'. आपल्या वाचकांपैकी बहुतेक जण धम्माच्या वाटेने आलेले आहेत. बुद्धाने आत्मा नाकारला आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तो नकार स्पष्ट केला, हे आपण जाणतो. मग आत्म्याचे संगीत आपण कसे ऐकावे, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने मला खरोखरच विचारला होता.

माझे उत्तर असे की येथला 'सोल' हा अमर, अविनाशी, देहाबाहेरचा आत्मा नव्हे. १९६० च्या दशकातला काळा माणूस आपल्या भावाला 'सोल ब्रदर' म्हणे आणि घरच्या चुलीवरच्या भाजीभाकरीला 'सोल फूड' म्हणे. त्याच्या तोंडी या शब्दाचा अर्थ होता, जे आमचे आहे, आमच्या सोसण्यातून आले आहे आणि ज्याची नक्कल बाहेरच्याला जमत नाही ते. मराठीत त्याला जवळचा शब्द 'जीव' हा आहे. आपण म्हणतो, याने जीव ओतून गायले. तो जीव देहाचाच असतो, घामाचा आणि श्वासाचा असतो.

हे संगीत आले कोठून? चर्चमधून. काळ्यांच्या चर्चमध्ये गॉस्पेल नावाची भक्तिगीते गायली जात. प्रवचनकाराने एक ओळ उचलावी आणि जमावाने तिला उत्तर द्यावे, टाळ्यांनी ठेका धरावा, हा त्यांचा घाट. १९५४ मध्ये रे चार्ल्सने याच घाटात देवाच्या जागी हाडामांसाचे माणूस आणून बसवले. धर्मनिष्ठांना तो पाखंड वाटला. १९५७ मध्ये शिकागोतच वाढलेला सॅम कुक भक्तिगीतांच्या संचातून बाहेर पडून लौकिक गाणी गाऊ लागला. चाल तीच, टाळी तीच, आळवणी कोणाला हे मात्र बदलले.

आपल्याकडे हे परिवर्तन अपरिचित नाही. सत्यशोधकांनी तमाशाचा घाट घेतला आणि त्यातला गण बदलला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने तेच केले. भजनाच्या आणि कव्वालीच्या चालीवर भीमगीते बांधली गेली. शोषितांना नवे वाद्य आणि नवा मंच कोणी आणून देत नाही. हाताशी असलेल्याच भांड्यात त्यांना नवे अन्न शिजवावे लागते. या दृष्टीने सोल संगीत हे काळ्या समाजाचे सांस्कृतिक धर्मांतर होते असे मला वाटते. मात्र ते अर्धे धर्मांतर होते, हेही सांगितले पाहिजे. मेफिल्डच्या गाण्यांतून देव शेवटपर्यंत गेला नाही. तो तेथे सोबतीसारखा राहिला. आपली वाट वेगळी आहे, पण म्हणून त्यांच्या वाटेवरचे पाय आपल्याला दिसू नयेत असे नाही.

तीन

१९६३ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला अडीच लाख लोकांचा मोर्चा निघाला. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते तोच, १५ सप्टेंबरला, अलाबामातील बर्मिंगहॅमच्या एका चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार काळ्या मुली मेल्या. आशा आणि राख यांच्या मधल्या या काळात मेफिल्डची लेखणी बदलली. १९६४ चे 'कीप ऑन पुशिंग' हे गाणे वरवर पाहता धीर देणारे साधे गाणे आहे. पण नागरी हक्कांच्या चळवळीने ते लगेच उचलले. १९६५ मध्ये 'पीपल गेट रेडी' आले. त्यात एक आगगाडी येते आहे, तिच्यात बसायला तिकीट लागत नाही, सामान लागत नाही. काळ्यांच्या परंपरेत आगगाडीला जुना अर्थ आहे. गुलामीतून पळणाऱ्यांना लपवून उत्तरेला पोचवणारी जी गुप्त साखळी होती तिला 'भुयारी रेल्वे' म्हणत. पुढे खऱ्या आगगाडीनेच लाखो माणसे दक्षिणेतून निघाली. ऐकणाऱ्याच्या मनात हे सारे रूळ आधीच टाकलेले होते. मेफिल्डने फक्त गाडी सोडली.

येथे त्याच्या शैलीचे मर्म आहे. गोऱ्या मालकीच्या आकाशवाणी केंद्रावर जे गाणे भक्तिगीत म्हणून वाजे, तेच मोर्चात वेगळ्या अर्थाने म्हटले जाई. तिघांचे आवाजही असेच रचलेले असत. एक ओळ एकाने सुरू करावी, दुसऱ्याने मधूनच उचलावी, तिसऱ्याने खालच्या पट्टीत तिला आधार द्यावा. त्यात नायक कोण हे ठरवता येत नाही. समूहाचे गाणे म्हणजे समूहाने एकाच सुरात ओरडणे नव्हे, एकमेकांची ओळ पुरी करणे होय, हे मी या तिघांकडून शिकलो.

पण आडवळणाने बोलण्याचे दिवस संपत आले होते. १९६७ च्या अखेरीस 'वुई आर अ विनर' निघाले. त्यात काळ्या माणसांना उघडपणे 'आपण' म्हणून हाक मारलेली होती. स्टुडिओत लोकांना बोलावून त्यांच्या टाळ्या-आरोळ्यांसह ते मुद्रित केले होते. काही केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. मऊ आवाजात, हसत म्हटलेले, कोणालाही शिवी न देणारे गाणे! तरीही ते १९६८ मध्ये काळ्या श्रोत्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. प्रस्थापितांना शिवीचे भय नसते, तिची त्यांना सवय असते. ज्याला खाली धरले आहे तो स्वतःला जिंकणारा म्हणू लागला की ते अस्वस्थ होतात.

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. शिकागोचा पश्चिम भाग जळाला. त्याच वर्षी मेफिल्डने 'धिस इज माय कंट्री' लिहिले. हा देश माझ्या पूर्वजांच्या गुलामीच्या श्रमावर उभा आहे, तेव्हा तो माझाही आहे, असा त्याचा दावा. याचना कोठेही नाही. ४ डिसेंबर १९६९ रोजी याच शहरात ब्लॅक पँथरचा एकवीस वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन पोलिसांच्या गोळ्यांनी पहाटे बिछान्यात मारला गेला.

१९७० मध्ये मेफिल्ड इम्प्रेशन्समधून बाहेर पडला आणि 'कर्टिस' ही स्वतःची पहिली तबकडी काढली. तिच्यात 'मूव्ह ऑन अप' हे त्याचे प्रसिद्ध गाणे आहे. मला मात्र तिच्यातले दुसरे एक गाणे अधिक महत्त्वाचे वाटते. काळ्यांमध्येही कमी काळा आणि अधिक काळा असा भेद होता. उजळ रंगाला मान, गडद रंगाला टोमणा. मेफिल्ड स्वतः गडद रंगाचा होता. 'वुई द पीपल हू आर डार्कर दॅन ब्लू' या गाण्यात तो गोऱ्यांशी बोलतच नाही. तो आपल्याच माणसांना विचारतो की आपण एकमेकांना कोणत्या नजरेने पाहतो. आपल्याकडे पोटजातींच्या प्रश्नावर किती कविता झाल्या? सवर्णांना उद्देशून लिहिलेल्या कविता मोजाव्यात आणि आपल्याच घरातल्या उतरंडीला उद्देशून लिहिलेल्या मोजाव्यात. माझ्या वडिलांच्या वहीत पहिल्या प्रकारची गाणी भरपूर आहेत. दुसऱ्या प्रकारचे एकच आहे आणि ते त्यांनी कधी मंचावर म्हटले नाही.

चार

१९७२ साल. 'सुपर फ्लाय' हा चित्रपट आला. नायक कोकेन विकणारा काळा तरुण, उंची कपडे, मोठी गाडी. शेवटचा एक व्यवहार करून या धंद्यातून सुटण्याची त्याची धडपड. अशा चित्रपटांची तेव्हा लाट होती, आणि आपल्या समाजाला गुंड व दलाल म्हणून रंगवून पैसा केला जातो म्हणून काळ्यांच्या संघटनांनी निषेधही केला होता. या चित्रपटाचे संगीत मेफिल्डचे. म्हणजे तोही त्यात सामील झाला काय?

हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. मेफिल्डने चित्रपट नाकारला नाही, पण त्याला गाण्यांतून उत्तर दिले. पडद्यावर नायक झगमगतो, आणि गाणी त्या झगमगाटाचा हिशेब मांडतात. फ्रेडी हे चित्रपटातले एक दुय्यम, दुबळे पात्र आहे. तो मरतो आणि कथा पुढे जाते. मेफिल्डने त्या मेलेल्या फ्रेडीवर गाणे लिहिले. त्याला कोणी वापरले, कोणी विसरले, हे विचारले. गंमत अशी की चित्रपटात या गाण्याचे फक्त वाद्यसंगीत वाजते, शब्द नाहीत. शब्द तबकडीवर होते आणि लोकांनी तबकडी घेतली. ती चार आठवडे अमेरिकेत सर्व श्रोत्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती आणि तिने चित्रपटापेक्षाही अधिक कमाई केली.

तरीही मी त्याला पूर्ण निर्दोष ठरवणार नाही. अंमली पदार्थाच्या विक्रेत्यावरचे त्याचे गाणे इतके मोहक आहे की त्यातला उपरोध न ऐकता त्यावर नाचणारेच जास्त निघाले असतील. मऊ आवाजाची ही मर्यादा आहे. उपरोध कळायला श्रोता जागा असावा लागतो. पुढे १९७३ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या बेकारीवर आणि १९७५ मध्ये अमेरिकेच्या समृद्धीच्या जाहिरातीखाली रांगेत उभ्या असलेल्या भुकेवर त्याने तबकड्या काढल्या, तेव्हा हा मोहकपणा त्याने जाणूनबुजून कमी केला असावा असे मला वाटते.

पाच

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तेथे येतो. मेफिल्डने गाणी लिहिली एवढेच केले नाही. त्याने ती आपल्या ताब्यात ठेवली.

गाण्याचा पैसा कसा फिरतो ते पाहू. एका ध्वनिमुद्रिकेत दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे गाणे, त्याचे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे मुद्रण, त्या गाण्याचा पकडून ठेवलेला आवाज. मुद्रण बहुधा कंपनीचे असते. गाण्याचे उत्पन्न मात्र लेखक आणि प्रकाशक यांच्यात साधारण निम्मेनिम्मे वाटले जाते. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने प्रत्येक तबकडीमागे गाण्याला दोन सेंट ठरवले होते आणि १९७७ अखेरपर्यंत तोच दर होता. शिवाय तेथील आकाशवाणीवर गाणे वाजले की पैसे गीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतात, गायकाला नाही. म्हणजे ज्याने आवाज दिला पण गाणे लिहिले नाही, त्याचा आवाज दिवसभर वाजला तरी हाती काही येत नाही. आणि ज्याने लिहिले पण प्रकाशनाचा हक्क कंपनीला दिला, त्याचा अर्धा वाटा पहिल्या दिवशीच गेला. काळ्या कलावंतांच्या कित्येक पिढ्या अशाच लुटल्या गेल्या. हाती चार नोटा आणि कागदावर एक सही.

मेफिल्डने विशीच्या आतबाहेरच स्वतःची प्रकाशन संस्था काढली. सॅम कुकने थोडे आधी हा रस्ता दाखवला होता. १९६८ मध्ये एडी थॉमस या सहकाऱ्याबरोबर त्याने कर्टम ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली. आता लिहिणारा तो, गाणारा तो, मुद्रण करणारा तो आणि प्रकाशकही तो. वितरणासाठी मात्र त्याला मोठ्या कंपन्यांवरच अवलंबून राहावे लागले. दुकानापर्यंतचा रस्ता काही त्याच्या मालकीचा झाला नाही. १९८० मध्ये कर्टम बंद पडली आणि तो अटलांटाला राहायला गेला. काळ्या माणसाची कंपनी म्हणजे काळ्यांची मुक्ती, असे मी म्हणणार नाही. परंतु कंपनी गेली तरी गाण्यांवरचा लेखकाचा हक्क जात नाही, हा फरक ध्यानात घ्यावा.

त्याचा एक दाखला. जमैकाच्या बॉब मार्लीने आणि त्याच्या साथीदारांनी सुरुवातीच्या काळात इम्प्रेशन्सचा आदर्श ठेवला होता. मार्लीच्या 'वन लव्ह' या गाण्यात 'पीपल गेट रेडी'चा अंश आहे. १९६५ च्या पहिल्या मुद्रणावर मेफिल्डचे नाव नव्हते. १९७७ मध्ये ते गाणे पुन्हा मुद्रित झाले तेव्हा शीर्षकात दोन्ही गाण्यांची नावे आली आणि लेखक म्हणून मार्लीबरोबर मेफिल्डचेही नाव छापले गेले. दोन्ही शोषितांचेच कवी. एकाने दुसऱ्याचे घेतले यात पाप नाही, नाव राहिले पाहिजे एवढेच.

१३ ऑगस्ट १९९० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका मैदानावर कार्यक्रम होता. मेफिल्ड मंचावर आला, आणि एक सूर वाजवण्याआधीच सोसाट्याच्या वाऱ्याने दिव्यांचा सांगाडा त्याच्यावर कोसळला. मानेखालचे सारे शरीर निकामी झाले. तारांची स्वतःची भाषा घडवणारे हात कायमचे थांबले. पण त्याने लिहिलेली गाणी थांबली नाहीत. इतर गायक ती गात होते, नव्या पिढीतले रॅप गायक त्यांचे तुकडे घेत होते, आणि लिहिणाऱ्याचा हक्क शाबूत होता. १९९६ मध्ये त्याने आणखी एक तबकडी केली, 'न्यू वर्ल्ड ऑर्डर'. छातीत हवा भरावी म्हणून त्याला पाठीवर निजवीत. एका दमात एकदोन ओळी, मग विश्रांती, मग पुढच्या ओळी. असे तुकडे जोडून पूर्ण गाणी तयार केली. मधुमेहामुळे १९९८ मध्ये उजवा पाय कापावा लागला. २६ डिसेंबर १९९९ रोजी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तो गेला.

सहा

माझ्या वडिलांच्या वहीत दोनशे बारा गाणी आहेत. शाई पुसट झाली आहे, काही पाने उंदरांनी खाल्ली आहेत. १९८० च्या दशकात कॅसेटचे पेव फुटले तेव्हा शहरातल्या एका कंपनीचा माणूस आमच्या गावी आला. त्याने नऊ गाणी निवडली, तीनशे रुपये दिले आणि कोऱ्या कागदावर वडिलांची सही घेतली. कॅसेट निघाली. ती १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला रस्त्यारस्त्यावर वाजली. वेष्टनावर गायकाचे नाव होते, गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' असे छापले होते.

आपल्या शाहिरांची एक जुनी रीत आहे. शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात 'वामन' येतो तो असा. ज्याच्यापाशी छापखाना नव्हता, वकील नव्हता, त्याने आपली मालकी गाण्याच्या आतच कोरून ठेवली होती. हाच आपला कॉपीराईट. त्या कॅसेटवर नऊही गाण्यांची शेवटची कडवी गाळलेली होती. वडिलांनी पैशाबद्दल कधी तक्रार केली नाही. ते एवढेच म्हणाले, "बाबा, माझं नाव खोडलं रे."

म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराईट कायदा आहे. गाणे लिहिले त्या क्षणी हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. आजच्या कायद्याप्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. हक्क विकला तरी आपले नाव लावण्याचा आणि गाण्याची मोडतोड रोखण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे कवीपाशी राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटात आणि ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या मानधनातला गीतकाराचा व संगीतकाराचा समान वाटा सुरक्षित केला आहे. तो वाटा वारसांना किंवा कॉपीराईट सोसायटीला सोडून इतर कोणाला देऊन टाकता येत नाही.

आणि दुसरे काम कायद्याच्या आधीचे आहे. प्रत्येक वस्तीत एखादी तरी वही पत्र्याच्या पेटीत पडून आहे. ती शोधावी. गाणे, कवीचे नाव, गाव, साल आणि चाल कोणत्या गाण्यावरची, हे सारे उतरवून घ्यावे. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून चाल म्हणवून घेऊन मुद्रित करावी. महाविद्यालयाच्या एका वर्गाने एका वर्षात एक तालुका पुरा केला तरी पुष्कळ होईल.

दलित साहित्याने नकार शिकवला, विद्रोह शिकवला, त्याचे मोल मी कमी मानत नाही. मेफिल्डने मला दोन गोष्टी अधिक शिकवल्या. विद्रोह हळू आवाजातही करता येतो, आणि विद्रोहाच्या गाण्याची कागदपत्रे नीट सांभाळावी लागतात. मी सध्या वडिलांची वही स्वच्छ अक्षरात उतरवून काढतो आहे. गाळलेल्या नऊ कडव्यांपासून सुरुवात केली. सात मिळाली आहेत. उरलेल्या दोन गाण्यांची पाने उंदरांनी खाल्लेल्यांपैकी आहेत. वडिलांबरोबर ढोलकी वाजवणारे एक काका अजून हयात आहेत, त्यांना ती पाठ असतील. पुढच्या रविवारी त्यांच्या गावी जाणार आहे.